चारशे घोडे, एक कागद

वऱ्हाडातल्या कामरगावच्या शिवारात वखरणी-पेरणीला जो ट्रॅक्टर दिसतो, तो साधारण पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा. फेरारी ३६० मोडेना ही गाडी चारशे अश्वशक्तीची. कागदावर फरक आठपट. पण पाऊस पडून गेलेल्या डांबरी रस्त्यावर, ताशी ३० किलोमीटरच्या वेगात, ही फेरारी रस्त्याला प्रत्यक्ष जेवढी ताकद देऊ शकते ती भरते जेमतेम ५२ अश्वशक्ती. बाकीच्या साडेतीनशे घोड्यांनी कितीही टापा आपटल्या तरी चाक जागच्या जागी गरगरण्यापलीकडे काही होत नाही. म्हणजे त्या क्षणापुरती फेरारी आणि शेतातला ट्रॅक्टर एका पंगतीला.

हिशेबाला नेमकी हीच गाडी घेतली, कारण जुनी, दांडगी स्पोर्ट्‌स कार म्हटलं की मराठी माणसाला ती चटकन आठवते. एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सचिन तेंडुलकरने एकोणतिसावं कसोटी शतक ठोकून ब्रॅडमनची बरोबरी केली. त्याबद्दल फियाट कंपनीने त्याला ३६० मोडेना भेट दिली आणि इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला मायकल शूमाकरच्या हस्ते ती त्याला मिळाली. पुढे आयात शुल्कावरून जो गदारोळ झाला तो सगळ्यांना माहीत आहे. १ कोटी १३ लाखांची माफी, कोर्टात याचिका, आणि शेवटी कंपनीनेच भरलेले पैसे. २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. देशभर चर्चा झाली ती शुल्काच्या आकड्याची. टायरवर कोरलेल्या आकड्यांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, आणि खरी गंमत तिथे आहे. पुढे २१५/४५ आर १८, मागे २७५/४० आर १८. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये.

ही गाडी रिकामी १,३९० किलोची. चालक आणि पेट्रोल धरून १,५०० किलो म्हणू. टायरमध्ये ३२ पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो दाब. गाडीचं वजन शेवटी ही हवाच तोलून धरते. टायरच्या भिंतीही थोडा भार घेतात, पण तो ढोबळ हिशेबात सोडून देऊ. १,५०० भागिले सव्वादोन, उत्तर साधारण ६६७ चौरस सेंटिमीटर. ऑफिसात छपाईला वापरतात तो ए-४ कागद ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. चारही चाकं मिळून अख्खी फेरारी रस्त्याला टेकलेली असते ती एवढ्या जागेवर. त्यातही इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांनाच मिळते, म्हणजे अर्ध्या कागदाहून थोडं जास्त.

इथे बहुतेकांची एक समजूत उघडी पडते. रुंद टायर घातला की जास्त रबर रस्त्याला टेकतं, असं आपण धरून चालतो. वरचा भागाकार पुन्हा पाहिला तर त्यात टायरची रुंदी कुठेच येत नाही. वजन तेच, हवा तीच, तर टेकणारी जागाही जवळपास तीच. बदलतो तो तिचा आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट असतो, रुंद टायरचा आडवा. रुंद टायरचे फायदे वेगळे आहेत. वळणावर तो जास्त ठाम राहतो, उष्णता जास्त रबरात वाटली जाते, आणि त्यामुळे बनवणाऱ्याला मऊ रबर वापरायची सोय होते. पकड वाढते ती मुख्यतः या मऊ रबराने. निव्वळ दिसायला रुंद पण जातीने कडक टायर घालणं म्हणजे पैसे घालवून चाक जड करून घेणं.

आता ५२ अश्वशक्तीचा हिशेब. या गाडीचं इंजिन मध्यभागी, सीटच्या मागे आहे, त्यामुळे ५७ टक्के वजन मागच्या चाकांवर पडतं. १,५०० किलोतले ८५५ किलो. गाडी जोरात सुटली की नाक वर येतं आणि आणखी काही भार मागे सरकतो. कोरड्या चांगल्या डांबरावर चांगल्या टायरची पकड भाराइतकीच, म्हणजे एकास एक धरली, तर मागची दोन चाकं गाडीला जास्तीत जास्त १,०३० किलोच्या आसपास जोराने ढकलू शकतात. याहून जास्त जोर लावला की रबर घसरतं. ओल्या रस्त्यावर पकड निम्मी धरली तर हाच जोर ४७० किलोच्या खाली येतो. ताकद म्हणजे जोर गुणिले वेग. ताशी ३० ला कोरड्या रस्त्यावर गुणाकार येतो ११५ अश्वशक्ती, ओल्यावर ५२. इंजिनात चारशे असोत की चार हजार, या वेगाला रस्ता याहून जास्त घेतच नाही.

मग सगळे चारशे घोडे कामाला लागतात तरी कधी? गिअरपेटीत आणि इतरत्र पंधरा टक्के गळती धरली तर कोरड्या रस्त्यावर ताशी ८९ च्या पुढे. त्याच्या खाली गाडीला बांधून ठेवते ती पकड, त्याच्या वर इंजिन. कंपनी ३६० मोडेनाचा शून्य ते शंभरचा वेळ साडेचार सेकंद सांगते. आपल्या कच्च्या हिशेबाने नुसत्या पकडीच्या जोरावर ८९ गाठायला साडेतीन-पावणेचार सेकंद लागतात. उरलेला वेळ गिअर बदलणं आणि पुढचे अकरा किलोमीटर यांचा. हिशेब फार चुकलेला नसावा.

ओल्या रस्त्यावर मात्र हाच सांधा ८९ वरून थेट १९६ वर जातो. योग्य गिअर असेल तर ताशी दोनशेच्या घरात पोचेपर्यंत या गाडीचं इंजिन मागची चाकं घसरवू शकतं. रस्ता ओला आहे, वेग दीडशे आहे, गाडी नाकासमोर सरळ चालली आहे, आणि तरीही उजवा पाय जरा जास्त दाबला गेला तर मागचा भाग सुटू शकतो. चारशे अश्वशक्ती म्हणजे नेमकं काय, हे मला शून्य-ते-शंभरपेक्षा या आकड्यातून जास्त कळतं.

आता जुन्या, वापरून कडक झालेल्या टायरची गोष्ट. कोरड्या रस्त्यावर त्याची पकड एकाऐवजी ०.७ धरू. ताशी ३० ला ११५ अश्वशक्तीच्या जागी रस्त्याला मिळतात ७६. इंजिनाला हात न लावता ३९ घोडे तबेल्यातून गेले. उलट बाजूने पाहिलं तर नवे, मऊ टायर घातल्यावर तेवढेच घोडे परत येतात. हौशी मंडळी जुन्या गाडीला नवा एक्झॉस्ट लावतात, इंजिनाच्या संगणकात फेरफार करून घेतात आणि वीस-तीस अश्वशक्ती वाढल्याची पावती मित्रांना दाखवतात. ती वाढ खरी असेलही. पण ८९ च्या खाली तिचा उपयोग शून्य, आणि आपली बहुतेक गाडी चालते ती ८९ च्या खालीच.

पकडीचा हा प्रश्न कामरगावाला नवा नाही. उलट इथल्या काळ्या जमिनीत तो दरवर्षी पायाखाली येतो. ट्रॅक्टरची पस्तीसेक अश्वशक्ती चाकापर्यंत पोचते असं धरलं, तर ताशी ५ किलोमीटरच्या वेगाला तिचा जोर भरतो जवळजवळ १,९०० किलो. ओलसर मातीत मागची चाकं त्याच्या निम्माही धरू शकत नाहीत. म्हणजे पंचेचाळीस घोडेसुद्धा जास्तच होतात. शेतकऱ्याने यावर शोधलेला उपाय साधा आहे. टायरात पाणी भरायचं.

ते भरतात कसं, हे पाहण्यासारखं आहे. मागचं चाक जॅकवर उचलायचं, फिरवून व्हॉल्व्ह अगदी वर, घड्याळात बारा वाजतात तिथे आणायचा. आतली पिन काढली की हवा सुसाट बाहेर पडते. मग मोटरची नळी लावायची आणि आतली हवा निघायला मधेमधे वाट द्यायची. पाणी व्हॉल्व्हच्या तोंडाशी आलं की थांबायचं. तेव्हा टायर बरोबर पाऊण भरलेला असतो. उरलेल्या पाव भागात हवा, कारण पाणी दबत नाही आणि टायरला थोडी लवचीकता लागतेच. एका मागच्या टायरात दीड-दोनशे लिटर पाणी सहज मावतं, म्हणजे दोन चाकांवर तीन-चारशे किलो वजन, तेही फुकट. थंड देशांत हे पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराईड मिसळावं लागतं. वऱ्हाडात ती चिंता नाही. साडेतीनशे किलो वाढले की पकड निम्मी धरूनही ओढण्याचा जोर पावणेदोनशे किलोने वाढतो, आणि जागेवर गरगरणारं चाक पुढे सरकतं.

मग फेरारीत सिमेंटच्या गोण्या टाकल्या तर? हा प्रश्न वेडगळ नाही. पण उत्तर नाही असंच येतं. ट्रॅक्टरला स्वतःच्या वजनापेक्षा मागचं अवजार ओढायचं असतं, म्हणून वजन त्याच्या बाजूने काम करतं. स्पोर्ट्‌स कारला फक्त स्वतःलाच पळवायचं असतं. वजन दुप्पट केलं तर पकड दुप्पट होते, पण पळवायचं ओझंही दुप्पट होतं, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. त्यात रबराचा एक हट्ट आहे. भार दुप्पट झाला की पकड पूर्ण दुप्पट होत नाही, थोडी कमीच राहते. म्हणजे वजन वाढवून गाडी उलट मंदावते. ट्रॅक्टरवाल्याच्या हातात वजन, माती आणि टायर असे तीन पत्ते असतात. फेरारीवाल्याच्या हातात एकच, रबर.

त्या रबराला काय सोसावं लागतं, ते पाहू.

मागच्या टायरचा व्यास ६७७ मिलिमीटर, परीघ सव्वादोन मीटरला थोडा कमी. एका किलोमीटरला ४७० फेरे. समृद्धी महामार्ग कामरगावच्याच कारंजा तालुक्यातून जातो. नागपूर ते आमणे या त्याच्या ७०१ किलोमीटरमध्ये हा टायर तीन लाख तीस हजारांच्या आसपास फेरे घेईल. तिथल्या ताशी १२० च्या मर्यादेत चाक सेकंदाला जवळजवळ सोळा वेळा फिरतं. टायरच्या नक्षीचा एखादा ठोकळा प्रत्येक फेऱ्यात रस्त्याला टेकतो तो आठेक सेंटिमीटर लांबीपुरता, म्हणजे सुमारे अडीच मिलिसेकंद. एवढ्या अवधीत त्याने दाबलं जायचं, खडीच्या खाचांत शिरायचं, गाडीला ढकलायचं आणि सुटायचं. मग बाकी सगळा फेरा हवेत.

हवेतही आराम नाही. ताशी १२० ला टायरच्या कडेवर गुरुत्वाकर्षणाच्या ३३४ पट जोर बाहेरच्या दिशेने असतो. नक्षीत अडकलेला दहा ग्रॅमचा खडा तिथे तीन किलोहून जास्त वजनाने बाहेर पळू पाहतो. या गाडीच्या कमाल वेगाला, ताशी २९५ ला, ही पट होते २,०२१. रबराचा एक ग्रॅम दोन किलोचा होतो, आणि टायरच्या आतल्या पोलादी तारांनी तो सेकंदाला साडेअडतीस फेरे धरून ठेवायचा असतो.

झीज पाहिली तर आकडा दुसऱ्या टोकाला जातो. नव्या टायरची नक्षी आठ मिलिमीटर खोल. आपल्याकडे कायद्याने १.६ मिलिमीटरच्या खाली चालत नाही. मधले ६.४ मिलिमीटर वीस हजार किलोमीटरमध्ये झिजले असं धरू, मऊ टायरला तेवढंच आयुष्य असतं. फेरे झाले ९४ लाख. ६.४ मिलिमीटर भागिले ९४ लाख केलं की प्रत्येक फेऱ्याला झीज येते सुमारे ०.७ नॅनोमीटर. रबराच्या साखळीत कार्बनचे चार-पाच अणू ओळीने धरले की एवढी जाडी होते. नीट चालवलेल्या गाडीचं चाक दर फेऱ्याला रस्त्यावर एवढंच ठेवून जातं. सिग्नलवर धूर काढून काळे पट्टे उठवणारा हौशी मात्र काही सेकंदांत हजारो फेऱ्यांची झीज उरकतो, आणि त्या सगळ्या वेळात गाडी असते तिथेच.

जुन्या स्पोर्ट्‌स कारची खरी अडचण झीज नव्हेच. ती आहे वय. अशा गाड्या वर्षाला चार-पाचशे किलोमीटर चालतात, बाकी काळ कापडाखाली. नक्षी अजून सात मिलिमीटर असते, मालक बोट घालून दाखवतो, ‘अगदी नवे आहेत’ म्हणतो. टायर गोटा झालेला नसतो, पण रबर मेलेलं असतं. हवेतला प्राणवायू त्याच्या साखळ्यांना एकमेकींत गुंतवत राहतो, तेलं उडून जातात. रबराचा कडकपणा मोजायच्या शोर ए मापावर नवा मऊ टायर साठ-पासष्टच्या आसपास असतो, वीस वर्षं पडून राहिलेला ऐंशीकडे जातो. कडक रबर खडीच्या बारीक खाचांत शिरत नाही, नुसतं वरून सरकतं. खाचांत शिरून पुन्हा बाहेर येताना रबरात जी ऊर्जा मुरते, तिथूनच बरीच पकड येते. उरलेली येते रबर आणि खडी यांच्या रेणूंच्या चिकटण्यातून, आणि तिलाही रबर मऊ असावं लागतं.

वय शोधणं सोपं आहे, कपडे मळवायची तयारी हवी. टायरच्या बाजूच्या भिंतीवर डी-ओ-टी या अक्षरांपुढे एक लांबलचक क्रमांक असतो. त्याच्या शेवटी चौकटीत चार आकडे. २३०२ असेल तर २००२ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर मागच्या शतकातला आहे, पुढचं काही वाचायची गरज नाही. पूर्ण क्रमांक बरेचदा एकाच भिंतीवर असतो, आणि दुकानदाराने ती बाजू आत टाकलेली असेल तर बॅटरी घेऊन गाडीखाली झोपावं लागतं. बऱ्याच उत्पादकांच्या मते दहा वर्षांनंतर टायर दिसायला कसाही असला तरी काढायचा. चारशे अश्वशक्तीच्या गाडीला मी सहाच्या पुढे जाऊ देणार नाही.

कारण ब्रेकचा हिशेब. पकड ०.७ झाली तर ब्रेक तीस टक्के कमी लागतील, एवढंच आपल्या डोक्यात येतं. ताशी १२० वरून चांगल्या टायरची गाडी ५७ मीटरमध्ये थांबते, मेलेल्या टायरची ८१ मीटरमध्ये. आता दोन्ही गाड्या शेजारी धरा, दोघांनी एकाच जागी ब्रेक दाबला. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथून दुसरी ताशी ६६ किलोमीटरच्या वेगाने पुढे जाते. सहासष्ट. गणित वर्गमूळाचं आहे, म्हणून ते अंदाजाने डोक्यात येत नाही.

टायर निवडताना त्याच्या भिंतीवरचे आणखी दोन आकडे कामाचे असतात. अमेरिकेच्या नियमाने छापलेले ट्रेडवेअर आणि ट्रॅक्शन. ट्रेडवेअर शंभर म्हणजे पाया, दोनशे म्हणजे त्याच्या दुप्पट टिकाऊ, पाचशे म्हणजे पाचपट. लांब पल्ल्याच्या साध्या गाडीला पाचशेचा टायर शहाणपणाचा, पण स्पोर्ट्‌स कारची पकड साधारण दोनशेच्या आसपास मिळते. टिकाऊपणा आणि पकड एकाच थैलीतून निघतात. दर वर्षी पाचशे किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला पाचशेचा टायर घालणारा माणूस टायर झिजण्याआधी शंभर वर्षं वाट पाहणार असतो. ट्रॅक्शनचं अक्षर, एए, ए, बी, सी, ते फक्त ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत, चाक जाम करून मोजलेलं असतं. वळणाबद्दल ते अवाक्षर काढत नाही. पण त्यात एक माहिती दडलेली आहे. एए मिळवायला ओल्या डांबरावर ०.५४ च्या वर जावं लागतं, ओल्या काँक्रीटवर मात्र ०.३८ पुरतात. म्हणजे त्या चाचणीच्या पट्ट्यांवर ओलं काँक्रीट मुळातच कमी पकड देतं, असं नियमानेच गृहीत धरलं आहे.

कामरगावच्या टापूत दोन्ही जातीचे रस्ते हाताशी आहेत. समृद्धी बहुतांश काँक्रीटचा. आणि अमरावती-अकोला महामार्ग डांबराचा, त्यातही साध्यासुध्या डांबराचा नव्हे. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, २५ किलोमीटरचा, दहा दिवसांत. इथे ७२० माणसं पाळीपाळीने राबली, ३६,६३४ टन डांबरमिश्रित खडी पडली, दर मीटरला ४८८ किलो. काम तासाला ७१० मीटरने सरकत होतं. तेवढ्याच ७५ किलोमीटरला ताशी १२० चा वेग धरला तर गाडीला साडेसदतीस मिनिटं पुरतात. छत्तीस हजार टनांच्या त्या बिछान्यावर गाडी कोणत्याही क्षणी टेकलेली असते ती ६६७ चौरस सेंटिमीटरवर.

रबर नवं, रस्ता चांगला, तरी मधला एक दुवा राहतो. जुन्या गाडीत रबर फक्त टायरमध्ये नसतं. सस्पेन्शनच्या प्रत्येक सांध्यात रबरी बुश असतात, तेही तेवढेच म्हातारे झालेले असतात. ते सैल झाले की जोर लावताच चाकाचा कोन बदलतो आणि रुंद टायर एका कडेवर उभा राहतो. शॉकअब्सॉर्बर थकले असतील तर चाक खडबडीत रस्त्यावर नाचतं, ठशावरचा भार क्षणोक्षणी कमीजास्त होतो. भाराच्या बाबतीतला रबराचा हट्ट वर आलाच आहे, त्यामुळे सरासरी तीच राहूनही पकड घटते. नवे टायर घालायच्या आधी बुश आणि शॉकअब्सॉर्बर, मग टायर, मग अलाइनमेंट. हा क्रम उलटा केला की नव्या टायरची आतली कड काही हजार किलोमीटरमध्ये खाल्ली जाते.

आणि चाक अजिबात घसरू नये, हीसुद्धा चुकीची अपेक्षा. रबराची पकड सर्वांत जास्त असते ती चाक साधारण दहा टक्के जास्त फिरत असताना. गाडी ताशी ६० ने जातेय, चाक ६६ च्या हिशेबाने फिरतंय. तिथून पुढे पकड ढासळायला लागते. ट्रॅक्टरवाल्याची गोष्टही जवळपास हीच आहे, मातीत दहा-पंधरा टक्के घसर चांगली मानतात. ३६० मोडेनात चाकाची घसर ओळखून इंजिनाचा जोर कापणारी यंत्रणा आणि दोन चाकांत ताकद वाटणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल दोन्ही आहेत. पण ते त्या काळचे. आजची यंत्रणा जितकी हळुवार कापते तितकी ती कापत नाही, म्हणून उरलेलं काम उजव्या पायाला करावं लागतं. ओल्यात दोनशेच्या घरापर्यंत घसरू शकणाऱ्या गाडीत तो पाय हलकाच हवा.

राहिलं पाणी. ताशी १०० च्या वेगाने तीन मिलिमीटर पाण्यातून जाताना पंचवीस सेंटिमीटर रुंदीचा टायर सेकंदाला वीस लिटरहून जास्त पाणी बाजूला सारतो. फॉर्म्युला वनचा पावसाळी टायर ताशी ३०० ला सेकंदाला ८५ लिटर फेकतो, पण त्याच्या खाचा त्यासाठीच खोदलेल्या असतात. पाणी वेळेत हललं नाही की टायर त्यावर चढतो आणि रस्ता सुटतो. कोणत्या वेगाला, याचं एक साधं सूत्र १९६३ साली नासाच्या हॉर्न आणि ड्रेहर यांनी विमानांच्या टायरवरून काढलं. पौंडात मोजलेल्या हवेचं वर्गमूळ घ्या, १६.७ ने गुणा, ताशी किलोमीटर मिळतील. ते खूप पाणी आणि गोट्या टायरसाठीचं आहे. चांगली नक्षी असेल तर मर्यादा वर जाते. पण दिशा खरी आहे. ३६ पौंडाला १००, ३२ ला ९४, २४ ला ८२. म्हणजे पकड वाढावी म्हणून हवा कमी करणारा माणूस पावसात स्वतःलाच फसवत असतो. ट्रॅक्टरची हवा बारा-पंधरा पौंडावर ठेवून काम भागतं ते तो पाण्यावरून ताशी शंभरने जात नाही म्हणून.

वऱ्हाडात ही हवा कोणी न काढताही कमी होते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, रस्ता त्याहून तापलेला, तासभर चालवल्यावर टायरमधली हवा ६५ अंशांना सहज पोचते. पंपावर थांबलो, गेजने चाळीस दाखवले, घाबरून पोराला ‘बत्तीस कर’ म्हणून सांगितलं. आता गाडी झाकून ठेवली. मृगाचा पहिला पाऊस आला, सकाळी हवा २५ अंशांवर. टायरमधली हवा तेवढीच आहे, फक्त थंड झाली आहे, आणि गेज दाखवेल साडेसव्वीस. ९४ ची मर्यादा ८६ वर आली. समृद्धीच्या फलकावर १२० लिहिलेलं असतं.